पेशंटसोबत कोण आहे?

दुधाच्या दातांबद्दल माझं मत पहिल्यापासून स्पष्ट होतं. जी गोष्ट पडणारच आहे तिची फार काळजी घेऊ नये. भाड्याच्या घराला कुणी संगमरवर बसवत नाही. हे मत मी कुणाला विचारून बनवलं नव्हतं आणि मलाही कुणी ते विचारलं नव्हतं, त्यामुळे ते बरीच वर्षं सुखात टिकून होतं. बालवाडीतून आलेल्या एका चिठ्ठीने ते मुळासकट हललं.

आमच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणतात. तिला एकदा पाहिलेला माणूस 'का म्हणतात' असं विचारत नाही. वय चार. बालवाडीत दातांची तपासणी झाली होती आणि चिठ्ठीत लिहिलं होतं, 'पुढच्या दोन दातांवर हिरडीलगत तपकिरी डाग. खालच्या एका दाढेला कीड. दंत रुग्णालयात दाखवावे. आईसह यावे.'

डाग मी समजू शकते. कीडही समजू शकते. 'आईसह यावे' हे मात्र मला लागलं. 'पालकांसह' लिहिता आलं असतं, तेवढी जागा कागदावर होती. मी विमा कंपनीत दावे तपासते. कुणाची गाडी झाडावर आदळली आणि ते झाड रस्त्याच्या मध्ये कसं आलं, असले खुलासे वाचण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे कुठल्या वाक्यात कोण कुणावर ठपका ठेवतंय ते मला वासावरून कळतं. इथे ठपका होता, आणि तो सबंध घरात एकाच व्यक्तीवर होता.

"अगं, तशी लिहायची पद्धत असते," नवरा म्हणाला.

"बाप लिहायची पद्धत का नाही?"

"मी येतो ना बरोबर."

"तुला बोलावलेलं नाही."

सासूबाईंनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "खाण तशी माती."

हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत. खिडकीकडे बघून म्हणाल्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, खिडकीबाहेर माती नाही.

तर ठरलेल्या दिवशी मी, नवरा आणि भिंगरी दंत रुग्णालयात गेलो. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना बाकं, आणि लवंगेच्या तेलाचा तो वास, ज्याने माणसाची जीभ आपोआप आपल्या वाईट दाताकडे जाते. भिंतीवर हातपाय फुटलेल्या एका दाढेचं चित्र होतं. दाढ हसत होती. हसताना तिचे दात दिसत होते. दाढेला दात असतील तर त्या दातांत पुन्हा दाढा असणार आणि त्यांनाही कीड लागत असणार, या विचारात मी असतानाच आमचा पुकारा झाला.

मुलांच्या डॉक्टरीणबाई वयाने इतक्या लहान होत्या, की त्यांनाच कुणीतरी 'आईसह यावे' असं लिहून दिलं असतं तरी खपलं असतं. त्यांनी भिंगरीला एका छोट्या खुर्चीवर बसवलं आणि तिच्याकडे न बघता माझ्याकडे वळल्या.

"दात कधी घासता?"

"ती ना? सकाळी आणि—"

"तुम्ही."

"मी? सकाळी. आणि रात्री."

"किती वेळ?"

"पुरेसा."

"मधल्या वेळेत काही गोड खाणं होतं?"

"विशेष काही नाही."

'विशेष काही नाही' हे उत्तर दाव्याच्या कागदावर दिसलं की मी त्याखाली लाल रेघ मारते. डॉक्टरीणबाईंजवळ लाल पेन नव्हतं. त्यांनी नुसतं "हं" केलं. त्या 'हं'ने माझं पूर्ण समाधान झालं. मग त्यांनी टेबलाखालून एक भलामोठा कापडी ससा काढला. त्याच्या तोंडात प्लॅस्टिकचे दात बसवलेले होते. तो आणि एक ब्रश भिंगरीला देऊन त्या म्हणाल्या, "हे तुझं बाळ. तू त्याची आई. आता सकाळ झालीय. चल, कर बघू सगळं."

यानंतर जे झालं ते मी जसं झालं तसं सांगते, कारण खोलीत तीन साक्षीदार होते.

भिंगरी उठली. तिने ब्रश तोंडात घातला आणि तत्काळ बेसिनपासून लांब चालू लागली. ब्रश गालात ठेवून तिने खोलीला फेरी मारली. टेबलावरचे कागद उचलून खाली बघितलं. कोपऱ्यात उभ्या असलेल्या मदतनीस बाईंच्या अंगावर खेकसून, तोंडात फेस असल्यासारख्या आवाजात ती म्हणाली, "अले, किल्ली कुथे ठेवलीश?" मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून "मेले!" म्हणाली, बेसिनकडे धावली, थुंकली आणि मनगटाने तोंड पुसलं. मग सशाकडे वळून, "आ कर. झालं," म्हणत त्याच्या दातांवरून ब्रश एकदाच, कुलूप लावल्याची खात्री करावी तसा फिरवला.

नवरा छताकडे बघू लागला. छताला काही नव्हतं.

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता बाळाला भूक लागली."

भिंगरीने खोटाखोटा चमचा भरला, त्यावर फुंकर मारली, आधी स्वतःच्या तोंडात घालून चांगला चाटून काढला आणि तोच सशाच्या तोंडात घातला. "गरम नाहीये," ती त्याला म्हणाली. नंतर तिने सशाला आडवं केलं, त्याच्या तोंडात दुधाची बाटली म्हणून तिथली पावडरची डबी दिली, आणि थोपटलं. ससा झोपला. आता संपलं असेल असं मला वाटलं. पण तिने हळूच मागे वळून पाहिलं, चवड्यांवर चालत डॉक्टरीणबाईंच्या कपाटापाशी गेली, खालचं दार उघडून आत डोकं घातलं आणि आमच्याकडे पाठ करून काहीतरी भराभर चावू लागली.

"हे काय गं?"

"बाळ झोपलं की आई बिस्किटं खाते," भिंगरी कपाटातूनच म्हणाली. मग चावत चावतच डोकं बाहेर काढून तिने खुलासा केला, "पण बाळ जागं असतं."

विमा कंपनीत याला 'वस्तुस्थिती दडवणे' म्हणतात आणि दावा तिथल्या तिथे फेटाळतात. डॉक्टरीणबाईंनी मला फेटाळलं नाही. त्यांनी शांतपणे समजावलं. चमचा आपण चाटून मुलाला दिला की आपल्या तोंडातले जंतू त्या चमच्यावर बसून मुलाच्या तोंडात राहायला जातात. बाटली तोंडात ठेवून झोपलं की दुधातली साखर रात्रभर दातांवर बसते. आणि पोरांना सांगून काही उपयोग नसतो, कारण पोरं ऐकत नाहीत, बघतात.

"आता तुमचं तोंड बघू," त्या म्हणाल्या.

"चिठ्ठी तिच्या नावाची आहे."

"डावीकडे दुखतं ना?"

मी नवऱ्याकडे रागाने पाहिलं, पण त्याला हे ठाऊक नव्हतं. डावीकडे कित्येक महिने मी चावतच नव्हते, आणि ही गोष्ट मी स्वतःलाही फारशी सांगितलेली नव्हती.

"कपाटातून डोकं बाहेर काढलं तेव्हा चावताना तिचा फक्त उजवा गाल हलत होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

यावर बोलायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. मी तोंडात मूग धरले. दात काढणं, दात भरणं, दात बघणं या क्रियापदांची मला लहानपणापासून भीती आहे. तिचं कारण विचारू नये, कारण काही नाही. कुणी झुरळाला भितं, कुणी साहेबाला.

अडचण अशी होती की भिंगरीची दाढ आत्ताच भरली तर ती सुईवाचून भरता येणार होती. कीड आत गेली तर दाढ काढावी लागणार, आणि एवढ्या पोरीला त्यासाठी गुंगी द्यावी लागणार. आणि ती मोठी खुर्ची नुसती पाहूनच भिंगरी बाकाखाली जाऊन बसली होती. तिला बाहेर काढायला ससा वापरावा लागला.

"आधी तुम्ही खुर्चीत बसा, दाढ भरून घ्या. ती बघेल आणि बसेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त एक लक्षात ठेवा. तुम्ही उठून पळालात तर ती मला थेट कॉलेजात गेल्यावर भेटेल."

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

"पंधरा दिवस करा. त्याहून जास्त नको."

तेवढ्या दिवसांत घरात सुधारणा कराव्यात असं आमचं ठरलं. आमचं म्हणजे नवऱ्याचं. तो नकाशे काढण्याच्या कचेरीत आहे आणि कुठल्याही संकटात त्याला आधी मोजमाप सुचतं. मुलीला आईचं घासणं नीट दिसलं पाहिजे म्हणून त्याने बेसिनवरचा आरसा काढून भिंगरीच्या उंचीवर ठोकला. आता आरशात मला माझं पोट दिसू लागलं. दातांऐवजी पोट बघत दात घासणं मन फार खचवणारं असतं. म्हणून मी उकिडवी बसून घासू लागले. मी बसले म्हणून भिंगरीही बसली. तिचं तोंड पुन्हा आरशाच्या खाली गेलं. नवऱ्याने आरसा आणखी खाली घेतला. आठवड्याच्या शेवटी आमचं सबंध कुटुंब बेसिनखाली, नळाच्या पाइपाशेजारी, भांडी घासायला बसल्यासारखं ओळीने बसून दात घासत होतं आणि थुंकायला एकेक जण उठत होता.

सासूबाई आल्या नाहीत. त्यांचे गुडघेही तसे नव्हते आणि दातही. दात पेल्यात असत.

"माझ्या वेळी नव्हती ही थेरं," त्या म्हणाल्या. "याला मी घास चावून भरवलाय. चावून! बघ त्याचे दात."

आम्ही सगळ्यांनी नवऱ्याचे दात पाहिले. तीन दाढांवर टोप्या होत्या, आणि एक दात, तो म्हणतो, क्रिकेटमध्ये गेला.

"क्रिकेट कधी खेळलास तू?" मी विचारलं.

"पंच होतो."

सासूबाईंनी विषय बदलला.

चमच्यांचंही रामायण झालं. चाटलेला चमचा मुलीला द्यायचा नाही असं ठरल्यावर प्रत्येक जेवणाला प्रत्येकाचे दोन चमचे लागू लागले, एक चाखायचा आणि एक भरवायचा. पण कुठला कुठला हे हातात आल्यावर लक्षात राहत नसे. नवऱ्याने एकाला तांबडा आणि एकाला हिरवा दोरा गुंडाळला. दोरे सूपमध्ये सुटले. त्या दिवशी भिंगरीने सूप प्यायलं नाही आणि तिचं बरोबर होतं.

आणि बिस्किटं बंद. हे वाचायला सोपं आहे. माझ्या कचेरीतल्या खणात लिमलेटच्या गोळ्या असत. एकेक दावा वाचायचा, एकेक गोळी चघळायची, असं माझं काम गोडीगुलाबीने चाले. गोळ्या बंद केल्यावर मला लोकांच्या खुलाशांतला खोटेपणा एकदम स्वच्छ दिसू लागला. छप्पर उडालेला एक म्हातारा मी तीनदा परत पाठवला. गाय विहिरीत पडली हे सिद्ध करा, असं मी गायीच्या मालकाला लिहिलं. शेवटी साहेबांनी मला आत बोलावलं, दार लोटलं आणि स्वतःच्या खिशातून एक लिमलेट काढून माझ्यासमोर ठेवलं.

"घ्या," ते हळूच म्हणाले. "लोक रडतायत हो."

मी घेतलं नाही. म्हाताऱ्याचं छप्पर मात्र मंजूर केलं.

एव्हाना इमारतीत बातमी गेली होती. समोरच्या दारातल्या काकू म्हणजे आमच्या इमारतीचा दवाखाना. औषध कुठलं ते त्या सांगत नाहीत, फक्त कुणाचं काय बिघडलं ते सांगतात. "अगं, मूल झालं की बाईचा एकेक दात जातोच. माझे तिघांच्या पायी तीन गेले," त्या म्हणाल्या. त्यांना दोनच मुलं आहेत, हे मी बोलले नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर जिन्यात भेटले. त्यांनी भिंगरीला तोंड उघडायला लावलं, टॉर्च मारला आणि निदान केलं.

"पाणी."

"पाणी प्यायला हवं?"

"पिऊ नका! टाकीचं पाणी. हे डाग पाण्याचे आहेत. मी दहा वर्षं सांगतोय, ऐकतं कोण?"

ते माझे डाग आहेत, म्हणजे माझ्या बाटलीचे आणि चमच्याचे, हे मला तिथेच सांगता आलं असतं. पण जिन्यात आणखी दोघं उभी होती. आणि खरं सांगायचं तर, कुणीतरी 'आई' सोडून दुसरं कारण काढलं याचं मला त्या क्षणी जरा बरं वाटलं. मी म्हणाले, "असेलही बाई."

तेवढ्यावर फलक लागला. 'टाकीच्या पाण्यामुळे मुलांचे दात किडत असल्याची गंभीर तक्रार (दुसरा मजला). सबब टाकी रिकामी करून साफ करण्यात येईल.' टाकी रिकामी करण्यात आली. साफ करणारी माणसं आत उतरली, तळाला भेग सापडली, आणि भेग बुजवून ती वाळेपर्यंत इमारतीला पाणी नाही असं ठरलं. सगळ्या मजल्यांवरची माणसं बादल्या घेऊन समोरच्या बागेतल्या नळावर उभी राहू लागली. सकाळच्या वेळी तिथे इमारतीतलं एकही तोंड घासलेलं नव्हतं, आणि त्या सगळ्या तोंडांनी माझ्याकडे पाहिलं. दातांच्या आरोग्यासाठी मी हाती घेतलेल्या कार्याचा तोवरचा जमाखर्च असा, की जी माणसं आधी दात घासत होती तीही आता घासत नव्हती.

"काय हो, झाले का बरे दात?" एका गृहस्थांनी बादली भरता भरता विचारलं.

नवऱ्याची शिल्लक रजा टाकीवाल्यांना दार उघडण्यात संपली, कारण तक्रार आमची म्हणून चावी आमच्याकडे. पंधरा दिवसही संपत आले. आणि एका सकाळी पाव खाताना भिंगरीने गाल धरला. रडली नाही. नुसता घास दुसऱ्या बाजूला सरकवला आणि माझ्यासारखी एका गालाने चावू लागली.

त्या दिवशी मी कचेरीत कळवलं आणि तिला घेऊन निघाले. सासूबाई येईनात. त्यांचे सगळे दात त्याच रुग्णालयात राहिले होते आणि त्या दिशेने त्या चालतसुद्धा नाहीत. म्हणजे आम्ही दोघीच.

खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "रुग्ण कोण?"

"आम्ही दोघी."

"दोघी होत नाही. एक रुग्ण आणि एक सोबतची व्यक्ती."

"मग आधी मी."

"मोठ्यांना पलीकडची इमारत."

पलीकडच्या इमारतीत विचारलं, मूल केवढं? चारचं म्हटल्यावर म्हणाले, मग तुम्ही माता-बाल कक्षात जा. मी पुन्हा पहिल्या खिडकीशी.

"माता-बाल कक्षात बालावर उपचार होतात," गृहस्थ म्हणाले.

"मग नावात माता कशाला?"

"माता सोबत असते."

"अहो, पण माता बसल्याशिवाय बाल बसत नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"मग बालासोबत कोण?"

"माता."

"आणि मातेसोबत?"

माझ्या मागच्या माणसाने गाल धरून कण्हायला सुरुवात केली. गृहस्थांनी पेन कानावर ठेवलं, आत जाऊन कुणाशी तरी बोलून आले, खिडकीतून अर्धे बाहेर वाकले आणि खाली भिंगरीकडे पाहिलं.

"तुला आईबरोबर थांबता येईल?"

"हो."

"मग असं करू. माता रुग्ण, बाल सोबत. सोबतच्या व्यक्तीचं वय कुठे विचारलेलं नाही. नंतर अदलाबदल करून घ्या." त्यांनी एक पिवळा बिल्ला बाहेर सरकवला. त्यावर 'सोबत' एवढंच लिहिलं होतं. "हे बघ, पेशंटला एकटं सोडायचं नाही. पेशंटची पर्स सांभाळायची. आणि पेशंट घाबरला तर त्याला धीर द्यायचा. कळलं?"

भिंगरीने बिल्ला लावून घेतला आणि माझी पर्स गळ्यात अडकवली. पर्स तिच्या घोट्यापर्यंत येत होती.

बाकावर बसल्यावर आतून यंत्राचा आवाज आला. तो आवाज कानाने ऐकू येत नाही, दाढेने ऐकू येतो. मला एकदम आठवलं की कचेरीत विहिरीतल्या गायीचा निकाल द्यायचा राहिलाय. गाय वाट बघत होती. मी उठले आणि दाराशी गेले.

"जरा फोन करून येते," मी दारावरच्या शिपाईदादांना म्हणाले.

"पेशंट ना तुम्ही? सोबत कोण आहे?"

"मी आहे," मागून आवाज आला.

शिपाईदादांनी बिल्ला पाहिला. चेहऱ्यावरची रेषा न हलवता त्यांनी तिला विचारलं, "मॅडम, पेशंटला सोडू का बाहेर?"

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "ती परत नाही येणार."

मग तिने माझं बोट धरलं आणि मला आत नेलं.

खुर्चीत मी बसले. ती मागे कलली, डोळ्यांवर दिवा आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोंड उघडा." मला उघडायचं होतं. माझ्या जबड्याला उघडायचं नव्हतं. अक्षरशः दातखीळ बसली. मदतनीस बाईंनी स्टूल आणलं, त्यावर चढून भिंगरीने माझ्या चेहऱ्यावर वाकून पाहिलं. इतक्या जवळून तिच्या पुढच्या दातांवरचे ते तपकिरी डाग मी प्रथमच पाहिले. हिरडीला लागून, ओळीने. दूध पीत झोपलेल्या सगळ्या दुपारी आणि तिच्याकडे पाठ करून मी कपाटाशी उभी राहिले त्या सगळ्या वेळा तिथे नोंदल्यासारख्या दिसत होत्या.

"आई," ती म्हणाली, "रडलीस तरी चालेल. पण आ करून रड."

मी आ केलं.

पुढचं काही सांगण्यासारखं नाही. सुई टोचली. यंत्र लागलं. मी ओरडले नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. खुर्चीचे हात मात्र असे धरले होते, की उतरल्यावर डॉक्टरीणबाईंनी ते हलवून पाहिले. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात जात होतं. ते एक छोटं बोट पुसत होतं, आणि दर वेळी 'झालंच, झालंच' म्हणत होतं. ते झालं नव्हतं, पण मीही तिला असंच सांगते.

मग अदलाबदल. बिल्ला माझ्या पदराला लागला आणि भिंगरी खुर्चीत चढली. तिने खुर्चीचे हात दोन्ही मुठींत घट्ट धरले, पाय ताणले आणि डॉक्टरीणबाईंनी सांगण्याआधी आ केलं. कीड कोरताना तिने हू की चू केलं नाही. डोळ्यांतून पाणी आणण्याचा मात्र तिने मनापासून प्रयत्न केला. दुखत नसल्यामुळे ते येईना, तेव्हा तिने मला खुणेने डोळे पुसायला सांगितलं. मी कोरडेच पुसले.

दाढ भरली. पुढच्या दातांवर औषध लागलं. डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली. मी "थँक्यू" म्हणायला गेले. पण माझा डावा ओठ आणि गाल बधिर होते, तोंड एका बाजूला गेलेलं, त्यामुळे "फँक्यू" असं काहीतरी ओघळलं.

"फँक्यू," भिंगरी म्हणाली. तिचंही तोंड डावीकडे गेलं होतं.

डॉक्टरीणबाई दचकल्या. त्यांनी तिचा गाल चाचपला. "मी हिला इंजेक्शन दिलंच नाहीये!"

"तुम्ही फिलं नाही," मी म्हणाले, "तिने फेतलंय."

बसमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो. तिने पर्स मांडीवर घेतली होती आणि ती परत द्यायला तयार नव्हती. समोरच्या बाकावरच्या आजी आमच्या दोघींच्या वाकड्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होत्या. उतरताना त्या हळहळून म्हणाल्या, "मुलगी अगदी आईवर गेलीय हो."

संध्याकाळपर्यंत माझा ओठ जागेवर आला. भिंगरीचा आला नाही. दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेलं माणूस असंच बोलतं, यावर तिची श्रद्धा बसली होती. सासूबाईंनी लोणी आणून गालाला चोळलं, दोन दिवस आमच्या अंगावर ओरडल्या आणि तिसऱ्या दिवशी मी त्यांना पेल्याशेजारी उभं राहून दातांचा तो संच ब्रशने घासताना पाहिलं. अगदी सावकाश. भिंगरी बाजूला उभी राहून बघत होती. आरसा आता मधल्या उंचीवर आहे. त्यात कुणाचंच तोंड पूर्ण दिसत नाही, पण प्रत्येकाचं थोडं दिसतं. टाकी गळते अजून. बिस्किटं मी जेवणाबरोबर खाते, टेबलावर, सगळ्यांदेखत, आणि तशी ती बेताचीच लागतात.

पुढच्या आठवड्यात बालवाडीच्या बाईंचा कचेरीत फोन आला. आवाज जरा चमत्कारिक होता. "तुम्ही आज स्वतः न्यायला या," एवढंच त्या म्हणाल्या.

मी गेले. घंटा झाली आणि मुलं बाहेर आली. पहिल्या मुलाचं तोंड डावीकडे गेलं होतं. दुसऱ्याचंही. त्यामागून जोडीने येणाऱ्या दोन मुली एकमेकींशी ओठाच्या एका कोपऱ्यातून काहीतरी महत्त्वाचं बोलत होत्या. सबंध वर्ग एका बाजूला कलून, कुणी गाल धरून, कुणी दप्तर पर्ससारखं गळ्यात अडकवून शिस्तीत पायऱ्या उतरला. फाटकाशी उभ्या असलेल्या आया गार पडल्या. सगळ्यांच्या मध्ये भिंगरी होती आणि 'आ करा, आ करा' म्हणत एकेकाला तपासत होती.

शेवटी बाई आल्या. दमलेल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"आठवडा झाला हो," त्या म्हणाल्या. "सांगून ऐकत नाहीत. काहीतरी करा तुम्ही."

मी मान डोलावली. त्यांचं तोंडही डावीकडे गेलं होतं.